पेरणाऱ्याच्या आवृत्त्या

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्ही सगळे ‘जीटी’ मारायचो. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन टेबलांवर काच आडवी ठेवायची, खाली ट्यूबलाइट लावायची, काचेवर वर्गातल्या हुशार मुलीची ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रात्रभर रेघा उतरवून काढायच्या. सकाळी सबमिशन. त्या वर्षी मी ढीगभर शीट काढल्या आणि ड्रॉइंगमधलं काहीही शिकलो नाही.

दोन वर्षांपूर्वी, सव्विसाव्या वर्षी, ऑफिसातून आल्यावर रोज तासभर चित्रं काढायला लागलो तेव्हा ही जीटी आडवी आली. कुणाचं चित्र समोर ठेवून काढायला बसलो की चोरी करतोय असं वाटायचं. न बघता काढलं तर माणसाचा हात झाडाच्या फांदीसारखा दिसायचा. आणि डोक्यात सतत एकच घोर: माझी स्वतःची शैली कधी येणार? या प्रश्नामागे लागून मी व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल वाचत गेलो. कारण साधं होतं. त्याचं चित्र सही न बघता ओळखू येतं, आणि त्यानेही सुरुवात उशिरा, सत्ताविसाव्या वर्षी केली होती.

1880 चा उन्हाळा. बेल्जियममधल्या बोरिनाझ या कोळसा खाणींच्या मुलुखात, क्वेम नावाच्या गावी व्हिन्सेंट राहत होता. गूपिल या चित्रविक्रेत्या कंपनीतली नोकरी 1876 मध्ये गेलेली, त्यानंतर खाणकामगारांमध्ये केलेलं धर्मोपदेशकाचं कामही सुटलेलं. धाकटा भाऊ थिओ पैसे पाठवू लागला होता. अशा वेळी त्याने चित्रकार व्हायचं ठरवलं, आणि सर्वांत आधी केलं काय, तर नकला. गूपिलच्या हेग शाखेतला त्याचा जुना वरिष्ठ टर्स्टीख याच्याकडून त्याने शार्ल बार्गचे चित्रकलेचे धडे उसने मागवले. त्यातला कोळशाने काढायच्या अभ्यासाचा साठ पानांचा संच त्याने इमानेइतबारे उतरवून काढला. शिवाय झाँ-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराच्या शेतकऱ्यांच्या चित्रांच्या छापील प्रती होत्याच.

त्यातला एक शेतकरी त्याच्या मनात घर करून बसला. मिलेने 1850 मध्ये रंगवलेला ‘पेरणारा’: उतारावरून ढांगा टाकत मुठीने बी फोकत चाललेला माणूस. त्या सप्टेंबरात व्हिन्सेंटने थिओला कळवलं, की हा पेरणारा आतापर्यंत पाच वेळा काढून झाला, तरी मी तो पुन्हा काढणार आहे.

या पेरणाऱ्याचा माग काढणं मला सोयीचं वाटतं. आम्ही प्रोग्रॅमर लोक एकाच फाइलच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवतो आणि काय बदललं ते पाहतो. इथे विषय तोच राहतो, त्यामुळे बदललं ते चटकन दिसतं.

1881 च्या वसंतात, आईवडिलांच्या घरी एटन इथे काढलेला पेरणारा शाईचा आहे. रेघा बारीक आणि समांतर, छापील चित्रातल्या खोदकामासारख्या. समोरच्या कागदावर जे होतं तेच त्याने मन लावून उतरवलं आहे. खाली नाव नसेल, तर हा व्हॅन गॉग आहे असं मी तरी सांगू शकणार नाही.

पुढची काही वर्षं त्याने एकेका कच्च्या दुव्यावर खर्च केली. जवळचं-लांबचं नीट दिसेना, म्हणून 1882 मध्ये हेगला एक चौकट बनवून घेतली. तिच्यात उभे, आडवे आणि तिरपे दोरे ताणलेले. ती समुद्रकिनाऱ्यावर रोवायची आणि दोऱ्यांच्या आधाराने कागदावर जागा ठरवायच्या. चेहरे जमेनात, म्हणून नूनेन गावात शेतकऱ्यांच्या डोक्यांचे अभ्यास एकामागून एक केले. त्यातून 1885 मध्ये ‘बटाटे खाणारे’ उभं राहिलं.

त्या चित्राचा लिथोग्राफ त्याने अँटोन व्हॅन राप्पार्ड या चित्रकार मित्राला पाठवला. राप्पार्डने पत्रातून अक्षरशः सालटी काढली: मागच्या बाईचा हात खोटा आहे, उजवीकडच्या माणसाला गुडघा, पोट, फुप्फुसं असू नयेत का? व्हिन्सेंटने ते पत्रच परत धाडलं. पाच वर्षांची मैत्री त्या वर्षात संपली.

इथे मी बराच वेळ थांबलो, कारण माझ्याही चित्रातल्या माणसांना गुडघे नसतात. ‘ही माझी शैली आहे’ असं म्हणून सुटका करून घेणं किती सोपं! व्हिन्सेंटनेही बाजू मांडलीच. खणणारा माणूस प्रमाणात अचूक असण्यापेक्षा तो खरोखर खणताना दिसला पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. पण बाजू मांडून तो तिथेच बसला नाही. त्याच वर्षाअखेरीस तो अँटवर्पला गेला, आणि 1886 च्या जानेवारीत तिथल्या कलाशाळेत जाऊन पुन्हा प्लास्टरचे पुतळे काढू लागला. काय चुकतंय आणि काय मुद्दाम केलंय, हे दोन वेगळे हिशेब त्याने वेगळेच ठेवले.

मग पॅरिसची दोन वर्षं. इथे कच्चा दुवा होता रंग. त्याने फुलांची चित्रं काढली. वेगवेगळ्या रंगांचे धागे एकत्र गुंडाळून लोकरीचे छोटे गुंडे केले, कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग पेटतो ते पाहायला. ते गुंडे अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आजही आहेत. जपानी छापचित्रं त्याने शेकड्यांनी जमवली, आणि 1887 मध्ये त्यातली तीन तैलरंगात केली: दोन हिरोशिगेची, एक एईसेनची. कशी? चौकोन आखून, रेघा उतरवून. म्हणजे जवळजवळ जीटीच!

फरक मात्र मोठा होता. आमच्या काचेखालच्या शीटला आम्ही काहीच विचारत नव्हतो. सकाळपर्यंत ती संपवायची होती. व्हिन्सेंट हिरोशिगेला काहीतरी विचारत होता: झाडाचं खोड अगदी डोळ्यापुढे आणून कापलं तर मागचं सगळं इतकं लांब कसं जातं? सावलीच न काढता सपाट रंग कसा टिकतो?

याचं उत्तर पेरणाऱ्याच्या पुढच्या आवृत्त्यांत सापडतं. 1888 च्या जूनमध्ये, आर्लला, पेरणारा लहान झाला आहे; आकाश पिवळं, जमीन जांभळी, लोकरीच्या गुंड्यांतल्या जोड्यांसारखी. व्हिन्सेंटचं त्याने समाधान झालं नाही, चित्रावर त्याने पुन्हा हात फिरवला. नोव्हेंबरमध्ये तो परत तिकडे वळला. आता सूर्याची भलीमोठी पिवळी थाळी पेरणाऱ्याच्या डोक्यामागे आहे, आणि पुढ्यातून एक झाडाचं खोड तिरपं कापत गेलं आहे. मिलेच्या चित्रात असं झाड नाही. ते हिरोशिगेच्या बागेतून आलं आहे. शेतकरी मिलेचा, झाड जपानी, तरीही हे चित्र बघून दुसऱ्या कुणाचं नाव सुचत नाही.

त्याच वर्षी त्याच्या हाती आर्लच्या परिसरातल्या वेताचा बोरू होता. बोरूत शाई फार मावत नाही, म्हणून रेघ लांब ओढता येत नाही. टिंब, आखूड फटका, पुन्हा बुडवा, पुन्हा फटका. त्याच्या रेखाटनांत शेत, गवत, आकाश या सगळ्यांना आपापल्या वळणाचे फटके मिळाले. त्याचं म्हणून आपण जे ओळखतो, त्यात बोरूचाही वाटा आहे.

1889 च्या शरदापासून, सॅं-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना, त्याने मिलेच्या त्याच जुन्या छापील प्रती पुढे ठेवून वीसेक तैलचित्रं केली. पेरणाराही त्यात आहे. आता त्याला हे उसनं वाटत नव्हतं. वादक दुसऱ्याची रचना आपल्या परीने वाजवतो, तसं मी काळ्या-पांढऱ्याचं रंगात भाषांतर करतो, असं त्याने थिओला समजावलं. 1881 चा पेरणारा आणि हा, दोन्ही नकलाच. दुसरीतला प्रत्येक फटका त्याचा आहे.

मला सर्वांत जास्त चटका लावून गेली ती मात्र 1890 ची गोष्ट. मे महिन्यात तो ओव्हेरला आला. मागे ‘तारांकित रात्र’ होती, सूर्यफुलं होती. शैली म्हणतात ती पूर्ण हातात आली होती. आणि तिथे पोहोचल्यावर त्याने थिओकडे काय मागितलं? बार्गचे धडे. कोळशाने काढायचा तोच संच, दहा वर्षांपूर्वी खाणीच्या गावात उतरवलेला, त्याला पुन्हा काढायचा होता. 29 जुलैला तो गेला.

गेल्या आठवड्यात मी मिलेचा पेरणारा काढायला घेतला. काचेवर नाही, शेजारी ठेवून. मागे फेकलेल्या उजव्या हाताचं वजन खांद्यापर्यंत कसं पोहोचतं, एवढंच विचारायचं ठरवलं आहे. चौथी प्रत चालू आहे. गुडघा आलाय. हात अजून फांदीसारखाच दिसतो.