अडकलेल्या किल्लीचा इतिहास

ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत किल्ली कुलपात अडकून बसली की मालकाचा पहिला संशय किल्लीवर जातो, दुसरा कुलपावर. पुष्कळदा दोन्ही निर्दोष असतात. बिघाड असतो गिअर लिव्हरच्या बुडाशी बसवलेल्या एखाद्या चिमुकल्या स्विचमध्ये, किंवा रोज वाकून वाकून आतल्या आत तुटलेल्या त्याच्या वायरीत. लिव्हर खरोखर 'पार्क'वर असतो, पण तसा निरोप कुलपापर्यंत पोहोचत नाही आणि कुलूप आपले कर्तव्य बजावत किल्ली धरून ठेवते. किल्ली, लिव्हर आणि ब्रेक यांना एकमेकांशी जखडणारी ही व्यवस्था अमेरिकेत 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून 2010 पर्यंत टप्प्याटप्प्याने उभी राहिली. ती उभी राहिली हे बरेच झाले, असे माझे मत आहे. मात्र कुलूप लावायचे की नाही यावर जेवढा खल झाला, त्याच्या पासंगालाही पुरेल एवढा विचार कुलपाची वायर तुटल्यावर काय होईल याचा झाला नाही.

सुरुवातीच्या मोटारींत किल्लीचा गिअरशी काही संबंधच नव्हता. ती फक्त विजेचा प्रवाह चालू-बंद करी; इंजिन सुरू करायला आधी हँडल होते, मग पायाने किंवा हाताने दाबायचे बटण आले. किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्याची सोय क्रायस्लरने 1949 मध्ये आणली. किल्लीला पुढे बळ मिळाले ते चोरीच्या भीतीने. चोरलेल्या गाड्या बेफाम हाकल्या जातात आणि त्यातून अपघात होतात, हे कारण पुढे करून अमेरिकी सरकारने 1970 पासून नियम केला, की किल्ली काढल्यावर इंजिन सुरू होता कामा नये आणि शिवाय स्टिअरिंग तरी जखडले जावे किंवा गाडी स्वतःच्या बळावर पुढे सरकू नये. लिव्हरच्या बाजूनेही शिस्त येत होती. जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक या जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स रांगेच्या टोकाला, लो गिअरच्याही पलीकडे असे. पुढे जाण्याचे आणि मागे जाण्याचे गिअर यांच्यामध्ये न्यूट्रल असलेच पाहिजे, हे 1968 च्या नियमाने ठरवले. तरीही 'पार्क'मधून लिव्हर कोणी केव्हाही काढू शकत होते. त्यासाठी ब्रेकवर पाय असण्याची गरज नव्हती. फोर्डच्या गाड्या 'पार्क'वरून आपोआप रिव्हर्समध्ये घसरतात, अशा तक्रारी 1970 च्या दशकात साचत गेल्या. त्यांचा शेवट मोठा विलक्षण झाला. 1980 च्या अखेरीस झालेल्या तडजोडीनुसार कंपनीने 1966 ते 1980 या काळातल्या सुमारे 2 कोटी 30 लाख गाड्यांच्या मालकांना डॅशबोर्डवर चिकटवायला सूचनेची चिठ्ठी पाठवली. यंत्राचे काम कागदावर ढकलण्याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

ब्रेकशी जोडलेले कुलूप आले ते ऑडी 5000 च्या वादातून. उभी गाडी 'पार्क'मधून काढताच सुसाट सुटते, अशा तक्रारी होत्या. 23 नोव्हेंबर 1986 रोजी '60 मिनिट्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने त्यांना देशभर वाचा फोडली. कार्यक्रमात दाखवलेल्या गाडीला बाहेरून दाबाची हवा पुरवली होती, हे नंतर उघड झाले. तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. अमेरिकेत 1985 मध्ये सुमारे 74,000 गाड्या विकणारी ऑडी 1991 पर्यंत 12,000 च्या आसपास घसरली. 1987 च्या आरंभी कंपनीने सुमारे अडीच लाख गाड्या परत बोलावून त्यांत शिफ्ट लॉक बसवले: ब्रेक दाबल्याखेरीज लिव्हर 'पार्क'मधून हलणार नाही. 1989 च्या सरकारी अहवालाने मुख्य कारण सांगितले ते चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडणे हे. इथे एक आक्षेप हमखास येतो. दोष जर माणसाचा, तर यंत्रावर बेडी कशाला? मला हा आक्षेप उलटा वाटतो. पाय चुकतो हे एकदा मान्य केले, की पाय ब्रेकवर आहे याची खात्री करून घेणारी व्यवस्था हाच नेमका उपाय ठरतो. शिवाय त्या अहवालाने निव्वळ चालकावर खापर फोडले नव्हते. पेडलांची जवळजवळची मांडणी आणि आयडलिंगमधल्या बिघाडाने बसणारा हिसका यांचीही नोंद घेतली होती.

किल्लीचा दुवा मुलांमुळे जोडला गेला. गाडीत एकटे राहिलेले मूल खेळता खेळता लिव्हर ओढते आणि गाडी उतारावरून सुटते. म्हणून सप्टेंबर 1992 पासून ऑटोमॅटिक गाड्यांत लिव्हर 'पार्क'वर असल्याशिवाय किल्ली निघू नये आणि किल्ली काढल्यावर लिव्हर तिथेच अडकून राहावा, असे बंधन आले. ब्रेकचे कुलूप मात्र बराच काळ कंपन्यांच्या मर्जीवर राहिले. 2008 च्या कायद्यान्वये ते सप्टेंबर 2010 पासून सक्तीचे झाले.

आता वायरीकडे. ब्रेक दाबला की मागचे लाल दिवे लावणारा स्विचच सहसा लिव्हरजवळच्या सोलेनॉइडला इशारा देतो आणि तो खिट्टी मागे ओढतो. त्यामुळे लिव्हर हलत नसेल आणि ब्रेक लाइटही लागत नसेल, तर जाणता वायरमन गिअरबॉक्सला हात न लावता आधी फ्यूज आणि पेडलवरचा स्विच पाहतो. लिव्हर नीट हलतो पण किल्ली निघत नाही, तेव्हा शोध 'पार्क'च्या छोट्या स्विचकडे वळतो: त्यात सांडलेले गोड पेय गेलेले असते, किंवा वायर वरून धड दिसत असूनही आत तांबे तुटलेले असते. मीटर लावून लिव्हर हलवत राहिल्याखेरीज ती सापडत नाही. काही गाड्यांत किल्ली आणि लिव्हर यांच्यामध्ये साधी पोलादी केबल असते. तिथे हा प्रश्नच वेगळा. पण जिथे सोलेनॉइड आहे तिथे रचनाकाराला एक निवड करावी लागते. वीज मिळाल्यावर किल्ली धरायची, की वीज मिळाल्यावर सोडायची? पहिल्या रचनेत वायर तुटली तर किल्ली मोकळी होते आणि सुरक्षितता गुपचूप नाहीशी होते. दुसरीत मालक वाहनतळावर ताटकळतो, पण बिघाड त्याला कळतो. दुसरी रचनाच प्रामाणिक आहे, तिला सुटकेचा मार्ग मात्र हवा. लिव्हरसाठी तो असतो: त्याच्या शेजारच्या लहानशा झाकणाखाली स्क्रू ड्रायव्हरने दाबायची कळ. किल्लीसाठी असलाच तरी अनेक गाड्यांत तो सहज हाताशी नसतो.

मग किल्लीच नको, बटण पुरे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. बटणाने अडकण्याचा प्रश्न सोडवला खरा, पण गाडी 'पार्क'वर नसताना उतरू पाहणाऱ्याला किल्ली ज्या हट्टाने अडवत असे तो हट्टही त्याबरोबर गेला. सोडल्यावर आपोआप मध्यावर परतणाऱ्या लिव्हरपायी फियाट क्रायस्लरला 2016 मध्ये जगभरातून सुमारे 11 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. गाडी 'पार्क'वर आहे अशा समजुतीने चालक उतरत होते. याच्या उलटही घडले आहे. जनरल मोटर्सने 2014 मध्ये कुलूप बदलण्यासाठी सुमारे 22 लाख गाड्या बोलावल्या, कारण त्यांतली किल्ली 'बंद' या जागेवर नसतानाही निघत होती. किल्ली धरून न ठेवणे हाही परत बोलावण्याजोगा दोष असतो, हे अडकलेल्या किल्लीवर चिडणाऱ्याने लक्षात घ्यावे.

आपल्याकडे या वादाची झळ उशिरा पोहोचली, आणि तीही अर्धवट. 2014 मध्ये मारुती सेलेरिओने स्वस्त एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा, आणली; तिच्या लिव्हरवर 'पार्क' नाहीच. गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा, ही मॅन्युअल गाडीची सवय तिथे चालू राहिली. खऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांत मात्र हे कुलूप असते, आणि ते बिघडले की दोन वायरी कायमच्या जोडून टाकण्याचा सल्ला ऐकू येतो. काम झटपट होते, किल्ली निघते. फक्त त्यानंतर लिव्हर 'ड्राइव्ह'मध्ये असतानाही कुलपाला तो 'पार्क'वर आहे असेच कळत राहते, आणि ती गाडी पुढे विकत घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. तुटलेल्या जागी नवी मऊ वायर टाकून, जोड झाळून, वर नळी चढवून आणि लिव्हरच्या हालचालीपुरती ढील ठेवून हेच काम नीट करायला वेळ लागतो तो मुख्यतः कन्सोल उघडायला.