उसण आणि क्विंटल

पाठीत अचानक चमक निघाली की आपण म्हणतो, ‘उसण भरली.’ मग दोष शोधला जातो तो वाकणाऱ्याचाच. गुडघे न मोडता वाकला, झटक्याने उचलले, अंगाबाहेरचे काम केले. पाठदुखीवरच्या सल्ल्यांत ओझे उचलणारा दिसतो. ओझे किती असावे हे ठरवणारा दिसत नाही. त्याचा माग काढायचा तर दवाखान्यातून उठून धान्यबाजारात जावे लागते.

मेट्रिक मापांपूर्वी देशाच्या मोठ्या भागात धान्याचे पोते अडीच मणांचे धरीत. बंगाली मण 37.32 किलोंचा, म्हणजे पोते सुमारे 93 किलोंचे. 1956च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि भाव क्विंटलवर बोलले जाऊ लागले. एक पोते म्हणजे एक क्विंटल, हिशेब सोपा झाला. या सोयीत हमालाच्या पाठीचा विचार कुठेच नव्हता.

तोवर वैद्यकाला कण्याचे बरेच कळले होते. 1934 मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी दाखवून दिले, की दोन मणक्यांमधली चकती फाटून मज्जातंतूवर दाब आला की कळ पायापर्यंत जाते. त्यामागचे गणित तरफेचे आहे. वजन कण्यापासून 40 सेंटिमीटर पुढे असेल आणि ते तोलणारे स्नायू 5 सेंटिमीटर मागे, तर 20 किलोंसाठी स्नायूंना 160 किलोंइतका जोर लावावा लागतो. पोते पाठीवर टेकले की निदान कण्याजवळ येते. जास्त धोका उचलताना, वळताना आणि थप्पीवर टाकताना.

1948च्या कारखाना कायद्यातील कलम 34 इजा होईल इतके जड ओझे उचलायला लावण्यास मनाई करीत होते. पण हमाल कारखान्यात नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या. त्याचा मालक कोण, हेच ठरत नव्हते. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले आणि 1969 मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. नोंदणी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी यांबरोबर पोत्याच्या वजनाचा प्रश्नही चळवळीने लावून धरला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 मध्येच प्रौढ पुरुषासाठी 55 किलोंच्या कमाल ओझ्याची शिफारस केली होती. भारताने त्या वर्षीच्या करारावर मान्यतेची मोहोर उमटवली ती 2010 मध्ये. दरम्यान 50 किलोंचे पोते रूढ होत गेले.

हा बदल कोणत्याही व्यायामापेक्षा मोठा उपचार होता. उचलण्याची पद्धत शिकवल्याने तेवढ्यावर पाठदुखी टळते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. ओझे हलके केले की कण्यावरचा भार मात्र नक्की उतरतो. तरी 50 हा आकडाही निर्धोक नव्हे. अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्थेने 1991 मध्ये मांडलेल्या सूत्रात सर्वांत अनुकूल स्थितीतली मर्यादा 23 किलो आहे. शिवाय मजुरी नगावर असेल, तर निम्म्या वजनाच्या पोत्याला दर किती, यावरच दिवसाची पोती ठरतात. दर निम्मा झाला, तर वाकणे दुप्पट.

म्हणून उसण भरलेल्याला ‘कसे उचललेस?’ असे विचारण्याआधी ‘किती होते, आणि ते कुणी ठरवले?’ असे विचारावे.