वादळानंतरची पुळण आणि धातुशोधक यंत्र

मोठे चक्रीवादळ पुढे सरकले, की अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर एक निराळीच वर्दळ सुरू होते. रस्त्यांवर उन्मळून पडलेली झाडे अजून हलविलेली नसतात, कित्येक वस्त्यांत वीज आलेली नसते; पण कानांना हेडफोन लावलेली माणसे लांब दांड्याचे धातुशोधक यंत्र, म्हणजेच मेटल डिटेक्टर, वाळूवरून संथपणे फिरवीत चालू लागतात. सेबॅस्टियन, व्हेरो बीच आणि फोर्ट पिअर्स या गावांच्या परिसराला ‘ट्रेझर कोस्ट’, अर्थात खजिन्याचा किनारा, असे नाव आहे. हे नाव पर्यटन खात्याची अतिशयोक्ती नव्हे; त्यामागे तीनशे वर्षांपूर्वीचे एक वादळ आहे.

२४ जुलै १७१५ रोजी स्पेनच्या गलबतांचा ताफा सोने, चांदी व जडजवाहीर घेऊन क्यूबातील हवाना बंदरातून मायदेशी निघाला. ३१ जुलैच्या पहाटे चक्रीवादळाने त्याला फ्लोरिडाच्या उथळ खडकांवर आपटले. बारांपैकी अकरा जहाजे नष्ट झाली, ताफ्याचा सेनापती हुआन एस्तेबान दे उबिया याच्यासह सुमारे हजार माणसे मरण पावली. ग्रिफॉन हे फ्रेंच जहाज तेवढे वाचले. स्पॅनिशांनी किनाऱ्यावर तळ ठोकून बराच ऐवज वर काढला. १७१६ मध्ये हेन्री जेनिंग्ज या इंग्रज चाच्याने तो तळही लुटला. तरीही पुष्कळ काही समुद्रातच राहिले. त्यातील चांदीची नाणी हाताने ठोकून पाडलेली, वेड्यावाकड्या कडांची आहेत; आठ रेआलचे नाणे सुमारे २७ ग्रॅम वजनाचे असे. (याच जातीची स्पॅनिश नाणी युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत सुरतेला येत आणि तेथील टाकसाळीत वितळून त्यांचे मोगली रुपये होत.)

पुढे हे सारे विस्मरणात गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर किप वॅग्नर या बांधकाम व्यावसायिकाला वादळी हवेनंतर पुळणीवर काळपट नाणी सापडू लागली. त्यांपैकी एकावरही १७१५ नंतरचे साल नव्हते, हे त्याच्या लक्षात आले. तो ताफा बराच दक्षिणेला, फ्लोरिडा कीज बेटांजवळ बुडाला असावा, असा त्या वेळी जाणकारांचा समज होता. वॅग्नरचे मित्र डॉ. किप केल्सो यांनी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बर्नार्ड रोमन्स याचा १७७५ चा ग्रंथ व नकाशा शोधून काढला. त्यात अपघाताची जागा सेबॅस्टियनजवळ दाखविलेली होती. लष्कराच्या वापरातून बाद झालेल्या धातुशोधक यंत्राने वॅग्नरने स्पॅनिशांच्या तळाची जागाही हुडकली. आज तेथे मॅकलार्टी संग्रहालय आहे. नाणे महत्त्वाचे खरे. पण ते नेमके कोठे सापडले, ही नोंद त्याहून महत्त्वाची ठरली. पुढील सारे वाद याच मुद्द्याभोवती फिरतात.

वादळ समुद्राच्या तळातून सोने उचलून किनाऱ्यावर आणून टाकते, अशी सर्वसाधारण कल्पना असते. जोरदार लाटांनी काही नाणी वर ढकलली जातात हे खरे, पण वादळाचे मुख्य काम वाळू काढून नेणे हे आहे. सोन्याची घनता पाण्याच्या १९ पट, चांदीची साडेदहा पट, तर सामान्य वाळूच्या कणाची जेमतेम २.६५ पट असते. त्यामुळे नाणे लाटांच्या हेलकाव्यांनी हलक्या वाळूतून खाली सरकत जाते आणि शिंपल्यांच्या, गोट्यांच्या किंवा घट्ट मातीच्या थरावर येऊन थांबते. हा थर कधी कधी यंत्राच्या टप्प्याबाहेर, हातभर वा त्याहून खोल असतो. वादळात समुद्राची पातळी चढते, उंच लाटा वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत पोहोचतात आणि वाळू ओढून पाण्यातील दांड्यांवर नेऊन टाकतात. किनाऱ्यावर सुरीने कापल्यासारखी उभी कड तयार होते आणि तिच्या पायथ्याशी एरवी झाकलेला थर उघडा पडतो. अनुभवी शोधकाची नजर ही कड, उघडे पडलेले गोटे आणि काळ्या जड वाळूचे पट्टे शोधत असते.

वाऱ्याच्या वेगापेक्षा वादळ किती काळ रेंगाळले, हे येथे अधिक महत्त्वाचे. सप्टेंबर २००४ मधील फ्रान्सेस हे वादळ विस्तीर्ण आणि मंदगती होते. अनेक भरत्या त्याच्या लाटांवर स्वार होऊन आल्या. तीनच आठवड्यांनी जीन हे वादळ जवळजवळ त्याच जागी, हचिन्सन बेटावर, येऊन धडकले. नोव्हेंबर २०२२ मधील निकोल तुलनेने सौम्य श्रेणीचे होते, तरी व्हेरो बीचच्या परिसरात त्यानेही किनारा मोठ्या प्रमाणात कापून नेला. मात्र ही संधी फार काळ टिकत नाही. हवा शांत झाली, की संथ लाटा तीच वाळू परत आणून टाकू लागतात.

यंत्राचे तत्त्व जुनेच आहे. वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह सोडला, की निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या धातूत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात आणि ते दुसऱ्या वेटोळ्याला जाणवतात. १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असेच उपकरण वापरले होते. पलंगातील पोलादी स्प्रिंगांनीही त्यांच्या कामात अडथळा आणला, असे म्हणतात. पुळणीवर अडथळा असतो तो मिठाचा. खारी ओली वाळू स्वतःच वीजवाहक असल्याने साधे, एकाच वारंवारितेवर चालणारे यंत्र तेथे उगाचच वाजत राहते. अनेक वारंवारितांवर चालणारी यंत्रे हा दोष बऱ्याच अंशी टाळतात. पल्स इंडक्शन पद्धतीचे यंत्र मिठाला जुमानत नाही आणि खोलवर पाहते. परंतु खिळा कोणता नि नाणे कोणते, हे त्याला नीटसे सांगता येत नाही. वादळात उडालेल्या छपरांच्या खिळ्यांनी भरलेल्या वाळूत ही उणीव चांगलीच जाणवते. शिवाय समुद्रातील चांदी कालांतराने काळी पडून दगडासारखी दिसते. सोने मात्र तसेच राहते.

बहुतेकांच्या पदरी पडतात ती बाटल्यांची झाकणे, मासेमारीची शिसाची वजने, चिल्लर आणि क्वचित एखादी अंगठी. या अंगठीचा मालक हयात असू शकतो. वाहून गेलेल्या घरांतील चीजवस्तूंचे तर बोलायलाच नको. सापडलेली हरवलेली वस्तू पोलिसांना कळविणे फ्लोरिडाच्या कायद्याने बंधनकारक आहे. भरतीच्या सरासरी रेषेपलीकडील भूमी राज्याची मानली जाते, आणि १७१५ च्या ताफ्याच्या अवशेषांवर काम करण्याचा हक्क संघीय न्यायालयाच्या आदेशाने क्वीन्स ज्युवेल्स या कंपनीकडे २०१० पासून आहे. वाळूच्या टेकड्यांवर खणण्यास मनाई आहे, आणि राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून राखलेल्या भागात यंत्र नेण्यासही.

हे नियम अनेकांना जाचक वाटतात. त्यामागचे कारण २०१५ च्या एका प्रकरणातून कळते. कंत्राटावर काम करणाऱ्या एका कुटुंबाला सोन्याची १०१ नाणी सापडली. त्यांनी ५१ जाहीर केली आणि ५० लपविली. त्यातील ३७ नाणी २०२४ मध्ये हस्तगत झाली. तपासात असेही उघड झाले, की तीन नाणी २०१६ मध्ये पुन्हा समुद्रतळावर टाकण्यात आली होती, नव्या गुंतवणूकदारांना ती ‘सापडावीत’ म्हणून. म्हणजे चोरी केवळ सोन्याची नव्हती. ज्या नोंदींच्या आधारे वॅग्नरने ताफ्याचा माग काढला, त्या नोंदीच यामुळे खोट्या झाल्या. आपल्याकडेही १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, याची कित्येकांना कल्पना नसते.

आणखी एक बाब शोधकांना विसरून चालत नाही. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर, आणि समुद्री कासवांच्या विणीचा मार्च ते ऑक्टोबर. मेलबर्न बीच ते वबासो या पट्ट्यात त्यांच्यासाठी आर्ची कार अभयारण्य आहे. त्यामुळे खुणा करून ठेवलेल्या घरट्यांपासून दूर राहावे लागते आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवावा लागतो. उघड्या खड्ड्यात पडलेले पिल्लू समुद्रापर्यंत पोहोचत नाही. वादळानंतर काही महिन्यांनी सरकारी यंत्रणा बाहेरून वाळू आणून झिजलेला किनारा भरून काढतात. त्या नव्या वाळूखाली जुना थर पुन्हा गाडला जातो.