आऊटपासच्या रांगेपासून : दुबईतल्या एका मदत केंद्राची वाटचाल

दुबईतल्या ऊद मेथामध्ये १९६१ पासूनची इंडियन हायस्कूल आहे, १९६४ पासूनचा इंडिया क्लब आहे. इथल्या मराठी घरांना दुबई आपली वाटते. याच शहरात चालू व्हिसा नसलेल्या कामगाराला मात्र 'खल्लीवल्ली' म्हणतात. त्याचं नावसुद्धा कोणी विचारत नाही.

तो चोरून शिरलेला असतोच असं नाही. कुणाला एजंट व्हिझिट व्हिसावर आणून सोडून देतो, कुणाची कंपनी बुडते. कुणी थकलेला पगार मागतो आणि मालक तो फरार असल्याची तक्रार ठोकतो. राहण्याचा परवाना मालकाच्या हातात, म्हणून नोकरी गेली की कागदही जातो. २०२२ पासून मुदतीबाहेर राहिल्याचा दंड दिवसाला ५० दिरहम आहे, म्हणजे वर्षाला १८,२५०. ज्याला परतायचं आहे, त्याचीही वाट हा दंडच अडवतो.

१९९६, २००३, २००७ मध्ये संयुक्त अरब अमिरातींच्या सरकारने अशा कामगारांना माफी जाहीर केली, तेव्हा आऊटपाससाठी, म्हणजे देश सोडण्याच्या परवान्यासाठी, रांगा लागल्या. वकिलातीबरोबर स्वयंसेवकही राबले. पण माफीची मुदत संपली की माणूस पुन्हा एकटा पडायचा. वर्षभर उघडं असणारं दार हवं होतं.

२००९ मध्ये भारत सरकारने अडचणीतल्या प्रवासी भारतीयांसाठी कल्याण निधी सुरू केला. नोव्हेंबर २०१० मध्ये दुबईत भारतीय कामगार मदत केंद्राचं उद्घाटन झालं, ते तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते. चोवीस तास फोन, कायद्याचा सल्ला आणि खचलेल्या माणसाला मानसिक आधार, असं त्याचं काम ठरलं. आज ते प्रवासी भारतीय सहायता केंद्र म्हणून ओळखलं जातं.

२०१८ च्या माफीत नोकरी शोधायला सहा महिन्यांचा व्हिसा मिळण्याची सोय झाली. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ च्या माफीत दंड माफ झाला, परतणाऱ्यांवर प्रवेशबंदी लागली नाही. त्या चार महिन्यांत भारतीय वकिलातीने १५ हजारांहून अधिक लोकांना मदत केली.

तरी मोठं काम बाकी आहे. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार कोठडीतल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीशी बोलता आलं पाहिजे. पण त्यासाठी आधी त्याला हा हक्क कळायला हवा, त्याच्या भाषेत. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा १९९० चा संयुक्त राष्ट्रांचा करार कागद नसलेल्यालाही मनमानी अटकेपासून संरक्षण देतो. तो ना भारताने मंजूर केला, ना अमिरातींनी.

ते होईल तेव्हा होवो. तोवर ऊद मेथातल्या आपल्या घरांनी एवढं तरी करावं : केंद्राचा नंबर फोनमध्ये ठेवावा. आणि कुणी 'खल्लीवल्ली' भेटला, तर आधी त्याचं नाव विचारावं.