एकनळी दुर्बीण (खानदेशातील वापर)

एका डोळ्याने पाहायची, खिशात मावणारी दुर्बीण. दुकानदार आणि पक्षिनिरीक्षक तिला ‘मोनोक्युलर’ म्हणतात. पुढे मोठे भिंग, मागे डोळ्याचे भिंग आणि मधे उलटी प्रतिमा सुलटी करणारे लोलक, एवढाच संसार. वजन बहुधा १५० ते ३०० ग्रॅम, म्हणजे नेहमीच्या दोन नळ्यांच्या दुर्बिणीच्या निम्म्याहून कमी. तासन्‌तास पाहायचे तर दोन नळ्याच बऱ्या, असे अनेकांचे मत आहे. सातपुड्याचा चढ चढणारे तसे म्हणतीलच असे नाही.

रानपिंगळा : खानदेशात दुर्बीण म्हटली की हा पक्षी आठवावाच लागतो. ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. सनदी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशातून काही नमुने जमवले आणि १८८४ नंतर त्याची विश्वासार्ह नोंद थांबली. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवीजवळ एक मिळाल्याचा दावा केला होता. प्रत्यक्षात तो ब्रिटिश संग्रहालयातून लांबवलेला जुनाच नमुना होता. लेबल तेवढे नवे. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली आणि शोध पुन्हा जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो उघड्या फांदीवर बसलेला दिसला. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला.

ओळख पटली ती बारकाव्यांवर. गावाकडच्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचे डोके आणि पाठ जवळजवळ कोरी. छातीवर तपकिरी रंग भरीव, पोट पांढरे, पंख-शेपटीवरचे पट्टे रुंद, पाय पिसांनी भरलेले. तो दिवसाही वावरतो, त्यामुळे सकाळच्या उन्हात चांगल्या भिंगातून ही लक्षणे दिसू शकतात. पुढे यावल अभयारण्यातही त्याची नोंद झाली.

निवड : दुर्बिणीवर ८×४२ असे लिहिलेले असते. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. व्यासाला पटीने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी निघते : ८×४२ ला ५.२५ मिमी, १०×२५ ला २.५. सागाच्या जंगलात पहाटे हा फरक लगेच जाणवतो. ‘४०×६०’ असा छाप असलेल्या स्वस्त नळ्या सर्रास विकल्या जातात. हा आकडा खरा धरला तरी झोत उरतो दीड मिलिमीटर, शिवाय हातात धरून चाळीस पट पाहणे अशक्य. दहा पटींच्या वर हात थरथरतो. नळी लिंबाच्या खोडाला टेकवावी लागते. हतनूरच्या जलाशयावर, चांगदेवच्या बाजूने हिवाळी बदके पाहणाऱ्यांची आणखी एक अडचण : ऊन चढले की पाण्यावरची हवा थरथरते आणि जास्त पटीच्या नळीत ती थरथरही तितकीच मोठी होते.

घेण्याआधी दुकानातच परीक्षा करावी. नळी हातभर लांब धरून उजेडाकडे (सूर्याकडे नव्हे) रोखावी. मागच्या भिंगात प्रकाशाची चकती दिसते. ती पूर्ण गोल हवी. कडा कापल्यासारख्या, चौकोनी वाटल्या तर लोलक हलक्या काचेचे असण्याची शक्यता. मग रस्त्यापलीकडची पाटी वाचावी आणि अक्षरांच्या कडेला जांभळी-हिरवी झालर येते का ते पाहावे. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडची रबरी वाटी खाली दुमडून सगळे वर्तुळ दिसते ना, याची खात्री करावी. आत नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी नळी पावसाळ्यात आतून धुरकटत नाही.

निगा : कपाशीच्या आणि केळीच्या भागात धूळ हीच मोठी शत्रू. काळ्या मातीच्या धुळीत कठीण वाळूकण असतात. शर्टाच्या टोकाने किंवा खांद्यावरच्या रुमालाने भिंग पुसले की ते कण काचेवरच्या लेपावर ओरखडे पाडतात. आधी रबरी फुग्याने हवा मारावी, मग मऊ ब्रशने झटकावे, आणि शेवटी भिंगाचे द्रावण लावलेल्या मायक्रोफायबर कापडाने मधून कडेकडे पुसावे. तोंडाने फुंकू नये. थुंकीचे शिंतोडे उडतात.

पावसाळ्यात चामडी पिशवीत ठेवलेल्या नळीत बुरशी हमखास धरते आणि काचेवर जाळे पसरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी. पुड्या ओलावल्या की वाळवाव्यात. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर दुर्बीण सोडणे म्हणजे आतले वंगण पातळ करणे.

दुरुस्ती : घरी उघडू नये, लोलक हलतो, भरलेला वायू निघून जातो.

इतर उपयोग : गुरूचे चार मोठे उपग्रह, नळी कशावर तरी टेकवून.