कांटा आणि काळीज

शहापूर-मुरबाडच्या भातशेतीच्या मुलुखांत आमच्या लहानपणीं ‘अंगानें भरलास हो!’ हें कौतुकाचें वाक्य असे. आवणीच्या चिखलांत दिवस दिवस वाकणाऱ्या माणसाच्या अंगीं मेद सांचणार तरी कोठून? परंतु माझे मुरबाडचे मेहुणे शेत सोडून भाताच्या गिरणीच्या गादीवर बसूं लागले, आणि २००८ सालीं शहरांतील एका डॉक्टरांच्या चिठ्ठीनें वजन उतरविण्याची गोळी त्यांच्या घरीं आली. तिचें नांव सिब्युट्रामीन.

ही गोळी भूक मंद करी. त्याबरोबर नाडीची गति व रक्तदाबही किंचित् वाढवी. हें प्रारंभापासून ठाऊक होतें. मग तिला मान्यता मिळाली कशी? वजन उतरलें कीं हृदयाचा भार हलका होणारच, या गृहीतावर. मागील अनुभव तर उलट होता. १९६५ सालीं युरोपांत निघालेल्या अमिनोरेक्सनें फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढवून हृदयाची उजवी बाजू खचविली. तीन वर्षांत तें औषध बंद झालें. फेनफ्लुरामीननें हृदयाच्या झडपा बिघडविल्या. तें १९९७ च्या सप्टेंबरांत अमेरिकेच्या बाजारांतून उठलें. आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत, त्याच देशांत, सिब्युट्रामीनला परवाना मिळाला! इतक्या लवकर विसरणें आमच्या विद्यार्थ्यांनाही साधत नाहीं.

हृदयाचा प्रश्न नीट विचारला गेला तो पुढें, सुमारें दहा हजार वयस्क रुग्णांवरील ‘स्काउट’ नामक चाचणींत. तिचे निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाले. हृदयाचा झटका, पक्षाघात इत्यादि घटना गोळी घेणाऱ्यांत शेंकडा ११.४ आणि औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत शेंकडा १० आढळल्या. मृत्यु मात्र वाढले नव्हते. औषधाचे कैवारी म्हणाले कीं, चाचणींतील बहुतेकांस आधींच हृदयरोग होता, आणि अशांस ही गोळी देऊंच नये असा इशारा तिच्यासोबत होता. हा युक्तिवाद अगदींच पोकळ नव्हे. परंतु आपलें हृदय निर्दोष आहे, हें गिरणीच्या गादीवर बसलेल्या माणसानें कसें ठरवावें? मेहुण्यांच्या छातीस कोणीं नळीही लावली नव्हती. वजनाचा कांटा तेवढा पाहिला होता.

युरोपनें २०१० च्या जानेवारींत ही गोळी स्थगित केली, अमेरिकेंतून ती ऑक्टोबरांत गेली, आणि भारत सरकारनें २०११ च्या फेब्रुवारींत तिजवर बंदी घातली. ‘वनस्पतिजन्य’ म्हणविणाऱ्या मालांत ती नंतरही लपून सांपडत राहिली, ती निराळीच कथा.

मेहुण्यांची गोळी त्या बंदीनें सुटली. उतरलेलें वजन वर्षभरांत परत आलें. हृदय, सुदैवानें, शाबूत राहिलें. आतां माझा भाचा २०२५ सालीं भारतांत आलेल्या सेमाग्लुटाइडच्या नव्या टोंचणीविषयीं विचारतो. तिची परीक्षा १७,६०४ हृदयरुग्णांवर झाली असून त्यांत झटक्यांचा व पक्षाघाताचा धोका सुमारें एक-पंचमांशानें घटल्याचें २०२३ सालीं दिसलें, हें मीं त्यास सांगितलें. मग त्यास घेऊन प्रथम छातीचा आलेख काढावयास गेलों.