अंगठा खाली कसा शिरला

पियानोचे शिक्षण सुरू झाले, की लवकरच सी मेजरचे स्केल समोर येते. उजव्या हाताने १-२-३ (१ म्हणजे अंगठा, ५ म्हणजे करंगळी), मग अंगठा मधल्या बोटाखालून सरकवायचा आणि पुढे पुन्हा १-२-३-४-५. ही युक्ती आज सगळीकडे पहिल्या धड्यांतच शिकवतात, पण ती युरोपात सर्वमान्य व्हायला अठरावे शतक उजाडावे लागले.

१५९३ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ‘इल त्रान्सिल्वानो’ या वादनाच्या ग्रंथात जिरोलामो दिरूताने बोटांची ‘चांगली’ आणि ‘वाईट’ अशी वाटणी केली. वजनाचे स्वर तर्जनी आणि अनामिकेकडे, अंगठा वाइटांत. चढती सुरावट मधली बोटे एकमेकांना ओलांडत वाजवीत. त्याला अडाणीपणा म्हणणे अन्याय होईल. फार शार्प-फ्लॅटची स्केल्स त्या काळच्या ट्यूनिंगमध्ये बेसूर लागत, म्हणून हात बहुतेक पांढऱ्या पट्ट्यांवरच राही आणि तेवढी बोटे पुरत.

१७२० मध्ये योहान सेबास्टियन बाखने थोरल्या मुलासाठी, नऊ वर्षांच्या विल्हेल्म फ्रीडमानसाठी, सरावाची वही सुरू केली. तिच्यातल्या ‘अप्लिकाशिओ’ या इवल्या धड्यावरचे बोटांचे आकडे मला फार मोलाचे वाटतात. उजवा हात जुन्या वळणाने ३-४-३-४ चढतो, तर डाव्यात तर्जनीच्या जोडीला अंगठा आलेला आहे. दोन्ही काळ एकाच पानावर! आणि दोनच वर्षांनी, १७२२ मध्ये, बाखने चोवीसही मेजर-मायनर स्केल्समध्ये प्रेल्यूड आणि फ्यूग लिहून एक संग्रह पुरा केला. तिथे जुनी बोटे अपुरी पडणारच होती.

फ्रीडमानचा धाकटा भाऊ कार्ल फिलिप इमॅन्युएल याने १७५३ च्या ग्रंथात या बदलाची साक्ष दिली आहे. वडिलांनी तरुणपणी ऐकलेले मोठे वादक फार लांबची पट्टी गाठायची असेल तरच अंगठा वापरत, असे तो सांगतो, आणि अंगठ्याला मुख्य बोटाचा मान देतो. कारण हाताच्या ठेवणीत आहे. लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर उंच टेकली, की खाली आखूड अंगठ्याला वाट मोकळी होते.

हेच ओळखून पियानोवादक शोपँ विद्यार्थ्यांना आधी बी मेजर देई आणि सी मेजर शेवटी. सी मेजरमध्ये अंगठा अडखळत असेल, तर बी मेजर सावकाश वाजवून पाहावे. उजव्या हाताचे आकडे तेच, १-२-३-१-२-३-४-५. फक्त अंगठा बी आणि ई या पांढऱ्या पट्ट्यांवर येतो आणि पाचही काळ्या पट्ट्या मधल्या तीन बोटांकडे जातात.